घरी बनवलेल्या भेटी: मेणबत्ती, वही आणि लिप बाम क्रमाने कसे करावेत

सणाला घरी बनवलेल्या भेटी द्यायचं ठरलं की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी सामान येतं, मग काय बनवायचं याचा विचार होतो आणि प्रत्यक्ष काम सणाच्या आदल्या दोन दिवसांत उरकलं जातं. मग खर्च विकतच्या भेटीपेक्षा जास्त होतो, मेणबत्ती मध्येच खड्डा पडून विझते आणि वहीची पानं महिनाभरात सुटतात. यात हाताच्या कसबाचा दोष फारसा नसतो, उलट्या क्रमाचा असतो. म्हणून इथे तीनच वस्तू घेतल्या आहेत आणि त्या ज्या क्रमाने करायच्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

## टप्पा १: माणसांची यादी आणि उलटी मोजणी

सामानाला हात लावण्याआधी कागद घ्या आणि कोणाकोणाला द्यायचं ती नावं लिहा. प्रत्येक नावापुढे एकच वस्तू लिहा. लहान मूल असलेल्या घरी पेटती वस्तू नको, कोणाला तीव्र वासाचा त्रास असेल तर त्यांनाही मेणबत्ती नको, सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर बदाम तेलाचा बाम नको. हे आत्ताच कळलं तर नंतर वस्तू बदलायची वेळ येत नाही.

वस्तूंचे प्रकार जास्तीत जास्त तीन ठेवा. माझ्या मते दोनच पुरेत. पाच प्रकार करायला गेलं की प्रत्येकासाठी थोडं थोडं सामान आणावं लागतं, त्यातलं निम्मं उरतं आणि स्वस्तातल्या भेटीचा हिशेब तिथेच कोसळतो. एकाच वस्तूचे दहा नग करताना तिसऱ्या नगापासून हात बसतो आणि शेवटचे नग पहिल्यापेक्षा नक्की चांगले होतात.

आता सणाच्या तारखेपासून मागे मोजा:

- ५ आठवडे आधी: चाचणीची मेणबत्ती
- ४ आठवडे आधी: सगळ्या मेणबत्त्या ओतणं
- ३ ते २ आठवडे आधी: वह्या
- १ आठवडा आधी: लिप बाम
- शेवटचे २ दिवस: फक्त लेबल आणि गुंडाळणं

मेणबत्ती सर्वात आधी, कारण ती ओतल्यावरही मुरायला वेळ घेते. बाम सर्वात शेवटी, कारण तो जितका ताजा तितका बरा.

इशारा: लसूण किंवा ताजी पानं घालून मुरवलेलं तेल सुंदर बाटलीत भरून द्यायची कल्पना पुष्कळांना सुचते. ती सोडून द्या. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि अशा जागी खोलीच्या तापमानाला बोट्युलिझमचे जिवाणू विष तयार करू शकतात. वासावरून किंवा चवीवरून ते ओळखू येत नाही.

## टप्पा २: सामान, पण एकमेकांना उपयोगी पडेल असं

खर्च कमी करायचा खरा मार्ग घासाघीस नाही, एकच सामान दोन ठिकाणी वापरणं हा आहे. या तीन वस्तू निवडण्याचं कारणही तेच. मधमाशीचं मेण बाममध्ये जातं आणि त्याचाच तुकडा वहीच्या दोऱ्याला चोळायला लागतो. जुन्या चादरीचं कापड गुंडाळायला येतं. वहीच्या मुखपृष्ठाच्या जाड कागदाच्या कापलेल्या पट्ट्यांची लेबलं होतात.

तीन गोष्टींवर मात्र काटकसर करू नका: ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा, थर्मामीटर आणि मेणबत्तीची वात. काटा आणि थर्मामीटर उसने मिळाले तरी चालतील. चमच्याने मेण मोजणं हे निम्म्या फसलेल्या मेणबत्त्यांमागचं कारण असतं.

मेणबत्तीची भांडी घरातलीच शोधा. जाड काचेचे पेले, चिनी मातीचे कप, पत्र्याचे डबे चालतात. भांड्याचं तोंड बुडापेक्षा अरुंद नको, कारण ज्योतीची उष्णता वर कोंडते. पातळ काच, प्लास्टिक, लाकूड आणि बुडाला भोक असलेली कुंडी बाद. बरणीचं जुनं लेबल निघत नसेल तर ती गरम पाण्यात भिजवा, मग उरलेल्या चिकटावर खाण्याचा सोडा आणि तेल यांची पेस्ट लावून घासा.

तपासा: प्रत्येक काचेवरून नख फिरवा आणि ती उजेडात धरून बघा. केसाएवढी चीर किंवा टवका दिसला तर ते भांडं मेणबत्तीला वापरायचं नाही. त्यात पेन ठेवा.

## टप्पा ३: मेणबत्ती

इथे सोया मेण धरलं आहे, कारण ते कमी तापमानाला वितळतं आणि भांडी गरम साबणाच्या पाण्याने निघतात. भांड्यात ओतायचं सोया मेणच मागा. साच्यातून काढायच्या मेणबत्त्यांचं मेण वेगळं, जास्त कडक असतं.

१. मोजणी. मेणबत्ती जिथपर्यंत भरायची तिथपर्यंत भांड्यात पाणी भरा आणि ते पाणी मोजा. आलेल्या मिलिलिटरला ०.९ ने गुणा, म्हणजे लागणाऱ्या मिश्रणाचे ग्रॅम साधारण कळतात. २०० मिलिलिटरच्या पेल्याला १८० ग्रॅम मिश्रण. त्यात मेण १७० ग्रॅम आणि सुगंधी तेल १० ग्रॅम, म्हणजे मेणाच्या सुमारे ६ टक्के. जास्त तेल घातल्याने वास वाढत नाही. मेणाची धरून ठेवायची क्षमता संपली की तेल वर सुटतं आणि मेणबत्ती घामेजल्यासारखी दिसते. नंतर भांडं आणि हात पूर्ण कोरडे करा. पाण्याचा थेंब राहिला तर ज्योत तडतडते.

सुगंधी तेल मेणबत्तीसाठी बनवलेलंच हवं. केकमध्ये घालायचा इसेन्स मेणात मिसळतच नाही.

२. वात. वात भांड्याच्या आतल्या व्यासानुसार निवडतात, उंचीनुसार नाही. विक्रेत्याच्या तक्त्यात तुमच्या व्यासाला जी वात दिली असेल ती घ्या आणि तिच्यापेक्षा एक आकार मोठी अशीही एक घ्या. दोन्हींची चाचणी होणार आहे. वातीचं पत्र्याचं बूड खास स्टिकरने किंवा गरम गोंदाने भांड्याच्या अगदी मध्यावर चिकटवा. नुसत्या मेणाने चिकटवलं तर जळताना मेण वितळतं आणि वात सरकते. वरचं टोक दोन काड्यांच्या मध्ये धरून ताठ ठेवा.

३. वितळवणं. एका पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं. मेणाचं भांडं थेट आचेवर कधीच नाही. आच मंद असावी.

इशारा: मेण वितळत असताना ओट्यापासून हलू नका. फोन आला तर आधी गॅस बंद करा. मेणाने पेट घेतला तर पाणी टाकू नका, जळतं मेण चौफेर उडतं. गॅस बंद करून भांड्यावर झाकण घाला. म्हणून झाकण सुरुवातीपासून हाताशी असू द्या.

४. सुगंध. मेण ८० ते ८५ अंश सेल्सिअसला आलं की आचेवरून उतरवा, तेल ओता आणि दोन मिनिटं सावकाश ढवळा. ही दोन मिनिटं घड्याळ लावून मोजा. अर्धवट ढवळलं तर तेल तळाशी बसतं आणि वरचं अर्धं मेण बिनवासाचं जळतं. जोरात फेटू नका, बुडबुडे आत राहतात.

५. ओतणं. मिश्रण ५५ ते ६५ अंशांपर्यंत निवू द्या, मग बारीक धारेने ओता. मेणाच्या पाकिटावर वेगळं तापमान दिलं असेल तर तेच पाळा. ओतण्याआधी भांडी कोमट असावीत. थंडगार काचेला मेण नीट धरत नाही आणि बाजूने पांढुरके चट्टे दिसतात.

६. निवणं आणि मुरणं. रात्रभर खोलीच्या तापमानाला, वारा नसलेल्या जागी ठेवा. फ्रिजमध्ये ठेवून घाई केली तर पृष्ठभाग तडकतो. नंतर झाकण लावून दोन आठवडे मुरू द्या. सोया मेणात सुगंध हळूहळू बसतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पेटवून वास येत नाही म्हणून निराश होऊ नका.

वर वाळलेली फुलं, पानं, दालचिनीच्या काड्या खोचायच्या नाहीत. ज्योत खाली आली की त्या दुसरी वात होऊन पेटतात. चकचकीत भुकटी आणि वितळवलेले मेणी खडूही नकोत, त्यांचा रंग वातीत अडकून ती कोंदते. मला तर साधी, पांढरी मेणबत्तीच देखणी वाटते.

### जळण्याची चाचणी, जी जवळजवळ सगळे गाळतात

ही चाचणी पाच आठवडे आधी करायची असते. दोन वेगवेगळ्या वाती घालून दोन मेणबत्त्या करा, भांडं आणि सुगंध तोच ठेवा, कारण तेलानेही जळणं बदलतं. चार-पाच दिवस ठेवा. मग वात ५ मिलिमीटरवर कापून पेटवा आणि समोर बसून बघा.

तीन ते चार तासांत वितळलेलं मेण भांड्याच्या कडेपर्यंत पोहोचलं तर वात बरोबर. कडेला कोरडं मेण उरून मधोमध खड्डा पडत असेल तर वात बारीक आहे. ज्योत उंच होऊन नाचते, काजळी धरते, वातीच्या टोकाला काळा गड्डा होतो किंवा काच हात लावता येणार नाही इतकी तापते, तर वात जाड आहे. चार तासांनी विझवा, पूर्ण निवू द्या आणि तळापर्यंत असंच करत राहा. शेवटच्या भागात काच सर्वात जास्त तापते, म्हणून पहिल्या दिवसाच्या निकालावर थांबून चालत नाही.

दोन्ही वाती नापास झाल्या तर त्या भांड्याचा नाद सोडा आणि दुसरं घ्या.

तपासा: सांडलेलं मेण आणि भांड्याला चिकटलेला थर कोमट असतानाच कागदाने पुसून कचऱ्यात टाका. सिंकमध्ये गेलेलं मेण पुढे पाइपमध्ये गोठतं.

## टप्पा ४: हाताने शिवलेली वही

ही तिन्हींतली सर्वात स्वस्त भेट, आणि माझ्या मते सर्वात टिकाऊही. ए४ कागद मधोमध दुमडून ए५ आकाराची वही होते. १० कागदांची ४० पानं. यापेक्षा जास्त कागद एकाच घडीत घेतले तर वही फुगून उघडी राहते.

१. कागदाच्या तंतूंची दिशा ओळखा. प्रत्येक कागदाचे तंतू एका दिशेने असतात. कागद तंतूंच्या दिशेने सहज दुमडतो, आडवा दुमडला तर घडी खडबडीत येते आणि वही नीट मिटत नाही. ओळखायचं असं: कागद न मोडता एकदा लांबीकडून आणि एकदा रुंदीकडून हलकेच वाकवा. ज्या बाजूला कमी विरोध लागेल ती घडीची दिशा. झेरॉक्सच्या ए४ कागदाचे तंतू बहुधा लांब बाजूला समांतर असतात, म्हणजे आपल्या घडीला आडवे. उपाय सोपा आहे. लांब बाजूला समांतर तंतू असलेले ए३ कागद घ्या आणि मधोमध कापून ए४ करा. आता तंतू बरोबर घडीच्या दिशेने येतात. ए३ नसेल तर ए४ चालवून घ्या, पण घडीवर जास्त दाब द्या.

२. घडी. कागद दोन-दोन, तीन-तीनच्या गटात दुमडा, घडीवरून चमच्याची पाठ दाबून फिरवा, मग एकात एक बसवा. सगळे दहा एकदम दुमडले की आतले कागद सुरकुततात. मुखपृष्ठासाठी २०० ते २५० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) जाड कागद घ्या. त्याच्या घडीच्या रेषेवर आधी पट्टी धरून बोथट टोकाने खाच पाडा, मग दुमडा आणि पानांवर बाहेरून बसवा. रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा.

३. भोकं. घडीच्या लांबीची, म्हणजे २१ सेंटिमीटरची कागदी पट्टी कापा. तिच्यावर तीन खुणा करा: मधली १०.५ सेंटिमीटरवर, बाकीच्या दोन्ही टोकांपासून ४ सेंटिमीटर आत. ही पट्टी घडीच्या आत ठेवून दाभणाने आतून बाहेर भोकं पाडा. खाली दुमडलेलं वर्तमानपत्र घ्या. सगळ्या वह्यांना हीच पट्टी वापरा. प्रत्येक वेळी नव्याने मोजलं की भोकं मागेपुढे होतात. वरचं टोक कुठलं तेही पट्टीवर लिहून ठेवा.

४. शिवण. दोरा घडीच्या अडीच पट, म्हणजे ५५ सेंटिमीटर घ्या. सुताचा जाड दोरा मधमाशीच्या मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढा, मग तो गुंतत नाही आणि गाठ सरकत नाही. आता क्रम असा:

- मधल्या भोकातून आतून बाहेर. आत ७-८ सेंटिमीटर शेपूट सोडा.
- वरच्या भोकातून बाहेरून आत.
- आतून मधलं भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर.
- पुन्हा मधल्या भोकातून आत.

आतल्या बाजूला आता वरच्या भोकापासून खालच्या भोकापर्यंत एक लांब टाका दिसेल. दोऱ्याचं एक टोक त्या टाक्याच्या डावीकडे आणि दुसरं उजवीकडे असायला हवं. दोन्ही एकाच बाजूला असतील तर सुई काढून एक टोक टाक्याखालून पलीकडे घ्या. मग टाक्याला कवेत घेऊन गाठ मारा, आधी उजवं टोक डाव्यावर, नंतर डावं उजव्यावर. दोन्हीदा उजवंच वर घेतलं तर गाठ सुटते.

इशारा: दोरा घट्ट करताना घडीच्या रेषेत ओढा, पानांपासून वर नाही. वर ओढलं की कागद भोकापाशी फाटतो, आणि फाटलेल्या भोकाला उपाय नाही.

५. कापणी. एकात एक बसलेली पानं बाहेरच्या कडेला पायऱ्यांसारखी पुढे येतात. शिवण झाल्यावर, आणि त्यानंतरच, धातूची पट्टी घट्ट दाबून नव्या पात्याने ती कड कापा. एका फटक्यात नाही, हलक्या हाताने आठ-दहा वेळा पातं फिरवून. शिवणीआधी कापलं तर कड पुन्हा वरखाली होते.

द्यायच्या माणसाचं नाव आणि दोन ओळी शेवटच्या पानावर लिहा. पहिलं पान कोरं ठेवा, ते वही वापरणाऱ्याचं असतं.

## टप्पा ५: लिप बाम

कृती तीनही वस्तूंत सोपी, पण स्वच्छता सर्वात जास्त लागते.

मेणबत्तीचं भांडं, चमचा, गाळणी यातलं काहीही इथे वापरायचं नाही. मेणबत्तीचं सुगंधी तेल ओठांना लावण्यासाठी नसतं आणि घासूनही त्याचा अंश राहतो. डब्या साबणाने धुवा, उकळत्या पाण्यातून काढा आणि पूर्ण वाळू द्या. पत्र्याच्या डबीच्या कडेच्या खाचेत पाणी हमखास लपतं.

प्रमाण वजनाने: सौंदर्यप्रसाधनांसाठी मिळणारं मधमाशीचं मेण २५ ग्रॅम, तेल ७५ ग्रॅम. यात १० ग्रॅमच्या दहा डब्या होतात. तेल सूर्यफुलाचं, खोबरेल किंवा बदामाचं, पण नव्याने उघडलेल्या बाटलीतलं. बरेच दिवस उघडं असलेलं तेल खवट वासाचा बाम देतं.

दोन्ही पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा. मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, त्याहून फार तापवायची गरज नाही. सगळं एकजीव झालं की एक थेंब थंड चमच्यावर टाकून दोन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बोटाने चोळा. दगडासारखा घट्ट वाटला तर थोडं तेल, बोट लागताच वाहू लागला तर थोडं मेण, आणि पुन्हा चमचा. ओतून झाल्यावर दुरुस्ती करायची म्हणजे दहाही डब्या कोरून काढाव्या लागतात.

ओतल्यावर झाकण लगेच लावू नका. आतून वाफ धरते आणि बामवर पाण्याचे थेंब पडतात. या बाममध्ये टिकवणारं रसायन नाही, पाणी नसणं हेच त्याचं संरक्षण आहे. म्हणूनच मध, गुलाबपाणी, फळांचा रस, कोरफडीचा गर यातलं काहीही घालायचं नाही. लिंबूवर्गीय सालींची तेलंही नकोत. त्यातल्या काहींनी त्वचेला उन्हात चट्टे येतात. बिनवासाचा बाम कोणालाही देता येतो.

## टप्पा ६: लेबल, शेवटची तपासणी, गुंडाळणं

आधी प्रत्येक प्रकारातली एक वस्तू स्वतःसाठी बाजूला काढा आणि वापरा. मेणबत्ती पेटवा, वही पूर्ण उघडून टेबलावर सपाट ठेवा, बाम लावा. यासाठीच सुरुवातीच्या यादीत प्रत्येक वस्तूचा एक नग जास्त धरायचा.

मेणबत्तीच्या लेबलवर पाच गोष्टी हव्यात: दर वेळी वात ५ मिलिमीटरवर कापा, पहिल्यांदा कडेपर्यंत मेण वितळेस्तोवर जळू द्या, एका वेळी चार तासांपेक्षा जास्त नाही, तळाशी १ सेंटिमीटर मेण उरलं की थांबा, लहान मुलं आणि पडद्यांपासून लांब. पहिल्या जळण्याची सूचना वगळू नका. ती न पाळल्यास नीट बनवलेल्या मेणबत्तीतही खड्डा पडतो, आणि दोष बनवणाऱ्यावर येतो. बामच्या लेबलवर सगळे घटक, बनवल्याची तारीख आणि ‘६ महिन्यांत वापरा’ एवढं लिहा. तेलाच्या बाटलीवरची मुदत त्याआधी संपत असेल तर ती तारीख.

गुंडाळायला चौकोनी कापड घ्या. त्याचा कर्ण वस्तूच्या सर्वात लांब बाजूच्या साधारण तिप्पट हवा. २० सेंटिमीटरच्या वस्तूला ६० सेंटिमीटर कर्ण, म्हणजे ४२-४५ सेंटिमीटर बाजूचा चौकोन. कापड आधी धुऊन इस्त्री करा. कडा शिवायला वेळ नसेल तर चारही बाजूंचे दोरे सेंटिमीटरभर ओढून झालर सोडा. वस्तू कोपऱ्याच्या दिशेने तिरकी मध्यभागी ठेवा, समोरासमोरची दोन टोकं वर घेऊन दुमडा, उरलेल्या दोन टोकांची वर गाठ मारा. ही गाठही वहीच्या गाठीसारखीच, एकदा उजवं वर आणि एकदा डावं वर.

लांब न्यायच्या असतील तर मेणबत्त्या उभ्या ठेवा आणि बंद गाडीत उन्हात सोडून जाऊ नका. सोया मेण तिथे मऊ पडतं, वात कलते आणि दोन आठवडे मुरवलेला सपाट पृष्ठभाग एका दुपारीत लाटा धरून गोठतो. बामच्या डब्यांचंही तेच, त्या पिशवीच्या तळाशी, सावलीच्या बाजूला.